माझी तोंडी परीक्षा

३ जुलै, गुरुवार

एकतीस! शंभरापैकी एकतीस! एकवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि एका यंत्राने मला नापास केलं.

इंग्रजीचा दर्जा सुधारायचा म्हणून यंदा आम्हा शिक्षकांचीच तोंडी परीक्षा, तीही फोनवर. समोर माणूस नाही. पलीकडून प्रश्न येतो, टूं वाजतं, की बोलायचं. आमच्या निवासी शाळेत रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, म्हणून तिथे जाऊन बसले. 'तुमच्या गावाबद्दल सांगा' — एवढंच विचारलं होतं. टूं वाजलं आणि मी 'माय व्हिलेज... माय व्हिलेज' वरच अडकले! हेच तर मी वर्गात रोज पोरांकडून वदवून घेते.

खाली दहावीच्या पोरी ताटं धूत होत्या. ऐकलंच असणार.

५ जुलै

पत्र आलं. पन्नासच्या खाली गुण असतील त्यांनी सोमवारी पुन्हा परीक्षा द्यायची. पुन्हा नापास झाल्यास दीड महिना नागपूरला प्रशिक्षण! त्यात पूर आला की रस्ता बंद. म्हणजे मी थेट दसऱ्याला उगवणार.

दहावीला इंग्रजी शिकवणारी मी एकटी. दोन वर्षांपूर्वी मला असंच कसल्याशा सर्वेक्षणाला धाडलं, त्या वर्षी नऊ पोरं इंग्रजीत नापास झाली. एकही पुन्हा परीक्षेला बसलं नाही. त्यातली रंजीता परवा भामरागडच्या बाजारात दिसली, कडेवर मूल. मला बघून तिने मान वळवली.

इंग्रजी सुधारायला इंग्रजीचाच तास बंद! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघतं हे?

६ जुलै

बुधरी खोलीवर आली. दहावीतली. आठवीत आली तेव्हा गोंडीशिवाय शब्द काढत नव्हती. दारातच उभी राहून म्हणते, "बाई, तुमच्या जागी मी बोलू का? मले येते न."

रागावून हाकलली.

७ जुलै

केलं. लिहायलाही लाज वाटते. फोन मी धरला, बोलली बुधरी. पहाटे मोहफुलं वेचायला जातात ते, आजीला अस्वल आडवं आलं ते, सगळं घडाघडा. दोन ठिकाणी चुकली आणि स्वतःच सुधारून पुढे गेली. यंत्राला माझा आवाज कुठला माहीत!

बोलत होती ती आणि घाम मला फुटला होता.

११ जुलै

अठ्ठ्याऐंशी. हेडसरांनी सगळ्यांना साखर वाटली. मला गिळवेना.

१८ जुलै

आता डोकं आपटून घेऊ का कुठे! तालुक्यात पहिली आले म्हणून मला 'इंग्रजी तज्ज्ञ' केलं आहे. वर्षभर गडचिरोलीला राहून बाकीच्या शिक्षकांना बोलायला शिकवायचं — मी! सोमवारी हजर व्हा. माझ्या जागी कोण येणार, तर 'यथावकाश'.

दीड महिना वाचवायला गेले आणि पोरांचं अख्खं वर्ष घालवून बसले. चूक माझीच, पण या लोकांनाही एकदा वर्गात येऊन बसावंसं वाटलं नाही?

१९ जुलै

वर्गात सांगितलं. शाळा सुटल्यावर बुधरी मागे थांबली.

"बाई, मी खराब बोलाले पायजे होतं न? थोडं चुकवलं असतं तं तुम्ही नाई गेल्या असत्या."

रडत नव्हती, नुसतं विचारत होती. मीच रडले. चांगलं बोलल्याचा पस्तावा व्हावा या पोरीला! आणि तो माझ्यामुळे.

नोकरी गेली तर गेली.

२१ जुलै, सोमवार

गडचिरोलीला गेले नाही. तालुक्याच्या शिक्षण अधिकारी साहेबांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं — परीक्षेत मी बोललेच नाही, माझी विद्यार्थिनी बोलली. साहेब भडकले. "निलंबित करून टाकीन मॅडम तुम्हाले!" नेमणूक रद्द, चौकशी लागणार. मग एकदम म्हणाले,

"पण त्या पोरीले इतकं इंग्रजी शिकवलं कोनं?"

"मी," म्हटलं. "इथी दुसरं हाये कोन!"