प्रार्थनेवर बहिष्कार

सोमवार, रात्र
पप्पांनी नवीन टूम काढलीय. आजवर संध्याकाळची प्रार्थना तेच करायचे, आम्ही फक्त आमेन म्हणायचो. उत्तम चाललं होतं. पण पाळकांनी काल चर्चमध्ये सांगितलं म्हणे, मुलांनाही बोलू द्या. आता रोज एकाची पाळी. मोठ्याने आणि स्वतःच्या शब्दांत!
मी घाबरत नाही. माझा तत्त्वाला विरोध आहे. देवाला सगळं न सांगता कळतं. मी आईला तसं म्हटलं तर म्हणाली, "मग भूक लागली की मलाच कशाला सांगतेस?"

बुधवार
माझी पाळी. मी डोळे मिटून मौन प्रार्थना केली. हीच सगळ्यात वरच्या दर्जाची. बराच वेळ झाल्यावर दादा म्हणाला, "म्यूट बटण, झोपलीस का?" शेवटी पप्पांनीच आमेन केलं.
ठरलं. उद्यापासून बहिष्कार.

गुरुवार
बहिष्कार यशस्वी. प्रार्थनेच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासली. मनधरणीला कोणी आलं नाही, म्हणजे घाबरलेत. नळ बंद ठेवला होता, तो फक्त पाणी वाया जाऊ नये म्हणून.
आज धाकट्या ढब्बूची पाळी. सात वर्षांचा आहे, सोमवारी नव्या शाळेत जाणार. म्हणाला, "प्रभू, बाईंनी मला उभं करून नाव विचारू नये."
हातातलं पातेलं हातातच राहिलं. हे याच्या डोक्यात कुठून आलं? मी शाळा सोडून लाँड्रीत लागले ते इस्त्रीकामाच्या आवडीमुळे. तोंडी परीक्षेचा विषय वेगळा.

शुक्रवार
ढब्बू स्वयंपाकघरात आला. "ताई, रविवारी तू कर ना माझ्यासाठी. दादाची नको. तो शाळेत कधी घाबरलाच नाही."
सांगितलं, माझा बहिष्कार आहे.
"मग माझा पण. शाळेवर."
आई म्हणाली, "घ्या! हा पण तुझ्याच वळणावर."
लागलं. एवढंच लिहिते. दाखवूनच देते आता. रविवारी अशी प्रार्थना करीन की स्वर्गात खुर्च्या सरकवून ऐकतील. बहिष्कार मात्र मागे घेतलेला नाही. ही एका दिवसाची सवलत.

शनिवार
लाँड्रीत दिवसभर तालीम. सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात, मध्ये पापक्षमा, शेवटी ढब्बू. एकदाही अडखळले नाही. मालककाका म्हणाले, "शर्टाशी एवढं बोलतेस, काउंटरवर का तोंड शिवतेस?" खोटं आहे. काउंटरवर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, "पावती सांभाळून ठेवा, उद्या संध्याकाळी या." तेवढंच लागतं.
एक कॉलर थोडी करपली. कापडच खराब होतं.

रविवार
लिहावंसं वाटत नाही.
सगळे बसले. ढब्बूने माझा हात धरला. मी "प्रभू" म्हणाले आणि पुढची सगळी सृष्टी गायब. पापक्षमाही गेली. ढब्बू हात दाबत होता.
मग तोंडातून जे आलं ते असं: "प्रभू, ढब्बूला तुझ्याकडे देतेय. नाजूक आहे. जास्त तापवू नकोस. रंग गेला नाही पाहिजे. जसा दिलाय तसाच परत दे. पावती सांभाळून ठेवा, उद्या संध्याकाळी या."
दादा उशीत तोंड खुपसून हलत होता. आईने डोळ्यांना पदर लावला, हसली की रडली माहीत नाही. पप्पांनी आमेन म्हटलं.
आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही. देवाशी नाही, माणसांशी तर नाहीच.
झोपताना ढब्बू आला. "ताई, पावती?"
काय करणार. लाँड्रीच्या एप्रनच्या खिशातल्या पावतीपुस्तकातली एक कोरी फाडून दिली.

सोमवार
ढब्बू शाळेत गेला. बाईंनी उभं केलंच. नाव विचारलंच. म्हणे खिशात पावती घट्ट धरली आणि सांगून टाकलं. आडनावासकट.
जेवताना पप्पा म्हणाले, आता या आठवड्यात रोज ताईच प्रार्थना करेल. ढब्बूने टाळ्या वाजवल्या. दादाही म्हणाला, "माझा उद्या इंटरव्ह्यू आहे, मलाही टाक धुवायला."
हे चालणार नाही. मी तिथल्या तिथे ठणकावून नकार दिला.
मनातल्या मनात दिला, त्यामुळे कोणाला ऐकू गेला नाही. प्रार्थनेला हाका मारतायत.