दागरुसचं काय करायचं

प्रिय एल्दरिद,

काल हॉलवरकाकाने मला फ्योर्डच्या खाडीकाठचं ते पर्यटकांसाठीचं नवं शेत दाखवायला नेलं. पानगळीत मला वृद्धाश्रमात खोली मिळतेय, म्हणून माझी म्हातारी गाय दागरुस त्या शेतावर ठेवायची, असं त्याने परस्पर ठरवलंय. म्हणे, "आई, तिथे तिचे लाड होतील." कुंपणापलीकडून माणसं फोटो काढणार, त्याला हा लाड म्हणतो!

शेत म्हणायचं म्हणून शेत. दुधाच्या कॅनमध्ये फुलं लावलीत. नांगर पांढरा रंगवून गुलाबांत उभा केलाय. बटाट्याच्या ओळीओळीला पाटी, आणि ओळीत तण गुडघाभर. काचेच्या कपाटात गवत ओढायचं लाकडी दाताळं ठेवलंय. तसलंच मी सकाळी गोठ्याच्या दाराला टेकवून आले होते. हॉलवर म्हणाला, "बघ, किती जपलंय!" मी म्हटलं, "जपलंय कसलं, मेलंय ते."

मग हाकेचा कार्यक्रम. भरतकामाचा झगा घातलेली एक पोरगी टेकाडावरून गायींना उंच गळ्याने हाका मारू लागली. आवाज बरा होता, ते कबूल. लोकांनी टाळ्या पिटल्या. गायींनी मान वर केली नाही. कशी करतील? तिच्या हातात मीठ नव्हतं. डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात आईने मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं: रिकाम्या हाताने गाय बोलवायची नाही, एकदा फसली की पुन्हा येत नाही. ही बया रोज फसवते, तेही तिकीट लावून. मी विचारलं, "मीठ कुठाय गं?" तर म्हणते, "आजी, मीठ घेतलं की त्या झगा चाटतात. भाड्याचा आहे."

नंतर हॉलवरने तपकिरी चीज घातलेलं वॉफल खाऊ घातलं, चपलेच्या तळव्यासारखं. "मग ठरलं ना?" मी चावत राहिले.

दागरुस माझ्या हाकेला अजून कुरणाच्या त्या टोकावरून येते. एका डोळ्याने दिसत नाही, दगडांना ठेचकाळते, पण येते. तिने त्या टेकाडाखाली धडपडत जायचं आणि मिठासाठी तोंड वासून उभं राहायचं? माझ्या जिवात जीव असेतो नाही.

म्हणून हे पत्र. मेंढ्या विकल्यास तेव्हापासून तुझा गोठा रिकामा आहे. दागरुस दूध देत नाही, वासरू देणार नाही, खाते मात्र दोघींचं. फायदा शून्य, आधीच सांगते. नेणार असशील तर शनिवारी ट्रेलर घेऊन ये. तिची हाक मी शिकवीन, ती कागदावर लिहिता येत नाही. नाहीतर खाटकाला फोन करते. हो किंवा नाही, एवढंच कळव. "बघू" लिहू नकोस, ते तुझ्या काकाचं नेहमीचं उत्तर आहे.

तुझीच,
आजी गुनवोर