धुलाईघरातला अंदाज

दि. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? इकडे सगळं ठीक. लेक आज दहा दिवसांची झाली. भूक लागली की कारखान्याच्या भोंग्यासारखी वाजते. ह्यांना अजून लंगोट बांधता येत नाही. काल बांधला तो सोडवायला सासूबाईंना चष्मा लावावा लागला.

माझं विचारशील, तर अंगावरून अजून जातंय. मध्ये कमी होऊन मळकट झालं होतं, परवापासून पुन्हा लालभडक सुरू झालंय. सासूबाईंना अर्धंच सांगितलं. त्या म्हणाल्या, वाईट रक्त आहे, निघून जाऊ दे. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पण बाळंतिणीला ती यायचीच.

तू लगेच घाबरशील म्हणून सांगते, इस्पितळाच्या धुलाईघरात मी नऊ वर्षं चादरी धुतल्यात. बाळंतिणींच्या वॉर्डातून काय काय येतं ते मला पाठ आहे. त्या मानाने माझं काहीच नाही. उगाच धावपळ कशाला, म्हणून ह्यांच्या कानावर घातलेलं नाही.

पाय टेकवू नकोस आणि या आगाऊ बहिणीवर माया असू दे.

तुझी ठमी

दि. १५

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता सकाळी मिळालं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा फोन लावला, कुणी उचलत नाही. म्हणून हे पोस्टात न टाकता तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते. पाय धड असता तर मीच त्या बसमध्ये बसले असते.

तुझ्या अंदाजाला काय म्हणू? मी बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. त्या चादरी माझ्यासारखीच्याच हातून खाली जातात. ठमे, तू चादरी पाहिल्यास, त्यांच्यावरच्या बायका नाही पाहिल्यास. सगळ्यात भिजलेल्या चादरींवरच्या काही बायका घरी गेल्याच नाहीत. त्यांच्याही चादरी तू धुतल्यास आणि इतकं चालतं असं धरून बसलीस.

कमी होऊन पुन्हा लाल होणं, वर भोवळ, हे मला मुळीच आवडलेलं नाही. तासाभरात कापडाची घडी भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप असेल, घाण वास येत असेल, तर क्षणभर थांबू नकोस. यातलं काही नसलं तरी आजच दाखव. अशीच एक लाजरी मुलगी दोन दिवस दडवून बसली होती. तिच्याबद्दल मी घरी कधी बोलले नाही, आजही बोलवत नाही. मला फार भीती वाटतेय.

जावईबापू, पत्र तुम्ही वाचत असाल तर इथेच थांबा आणि गाडी आणा.

ठमे, माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण रागवायला शिल्लक राहा.

तुझी ताई

दि. १८

ती. ताईस,
नमस्कार, आडवी पडूनच.

तुझं पत्र ह्यांनी दारातच फोडलं आणि तू लिहिलंस तिथे खरंच थांबले. मी तेव्हा न्हाणीघरात भिंतीला टेकून बसले होते. पायाशी मुठीएवढी गाठ पडली होती आणि हाक मारायला आवाज फुटत नव्हता. बाहेर लेक रडत होती. हिला माझा चेहरासुद्धा आठवणार नाही, एवढंच मनात येत होतं.

ह्यांनी गाडीतून आमच्याच इस्पितळात आणलं. वारेचा तुकडा आत राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन काढला, तीन बाटल्या रक्त चढवलं. आता उतार आहे म्हणतात. लोहाच्या गोळ्या दिल्यात, लेक अंगावर पितेय. तरी कूस बदलली की मी खालची चादर चाचपते. कोरडी लागली तरी विश्वास बसत नाही.

काल दुपारी आमच्या धुलाईघराची मुकादमबाई वर आली. एकोणीस वर्षांत ती वॉर्डाचा जिना चढलेली नाही. मी इथे पुन्हा दाखल झाल्याचं तिला ठाऊक नव्हतं. गठ्ठ्यात एक चादर अशी आली, की ती पाण्यात टाकायला तिचा हात होईना. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरचा वॉर्ड बघून ती विचारत विचारत इथवर आली. दारातच उभी राहून तिने नर्सला विचारलं, की त्या चादरीवरची बाई आहे का गेली.

मी खाटेवरून हात वर केला.

याहून जास्त लिहवत नाही. अशीच जीव लावत राहा.

तुझी ठमी