मिनसूचा ढोल

स्टेट कॉलेज, अमेरिका,
ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप आईस,
दमलेल्या पद्मिनीचा नमस्कार.

मी बरी आहे. लॅबमध्ये काम फार असतं, पण जेवते वेळेवर. काळजी करू नकोस.

शेजारचा मिनसू कोरियाचा. तो जांगू वाजवतो. डमरूसारखी बारीक कंबर असलेला मोठा ढोल गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी वाजवायचा. सोबतीला पितळी थाळ्या. थंडी सुरू झाल्यापासून मला तेवढाच विरंगुळा.

गेल्या आठवड्यात त्याचे वडील गेले. परीक्षेमुळे त्याला जाता आलं नाही. तरी काल कोरियन मुलांच्या कार्यक्रमात तो वाजवायला उभा राहिला. मध्येच त्याचे हात थांबले. बाकीची मुलं मात्र थांबली नाहीत. त्याच्याभोवती फेर धरून ती वाजवत राहिली, तेव्हा कुठे त्याच्या काठ्या पुन्हा हलल्या.

नंतर मला म्हणाला, "बाबा वर्षभर आजारी होते. माझा अभ्यास बिघडेल म्हणून घरच्यांनी कळवलंच नाही."

आई, अण्णांचा खोकला कसा आहे? धाकटा शैलू पत्रात नुसतं 'ठीक' लिहितो. तू मला खरं कळव. मी थकलेय, पण ऐकण्याइतकं बळ आहे माझ्यात.

तुझी,
पमा