अडीच सीसीचं इंजिन आणि देवासचा स्क्रू

२७ डिसेंबर
ही डायरी गणपतीतच लिहायला घेणार होतो. मग नवरात्रात. दिवाळीत पेन सापडेना. चार महिने गेले, पण लिहिण्यासारखं काही घडलंही नव्हतं. आता घडलंय. आबासाहेबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, पेटीतून खेळण्यातल्या विमानाचं इंजिन काढून माझ्या हातात दिलं. कलकत्त्याचं, अडीच सीसी, साठ वर्षं जुनं, मुठीत मावतं. अठरा जानेवारीला त्यांना ऐंशी पूर्ण. म्हणाले, केक नको, हार नको, एकदा याचा आवाज ऐकव. कान चाललेत, पुढच्या वर्षी ऐकू येईल न येईल.
इंजिनाच्या डोक्यावर आटे पाडलेलं रिकामं भोक आहे. म्हणजे प्लग हरवलाय, एवढंच. शब्द दिला. दोन दिवसांचं काम.

२९ डिसेंबर
धामनोद. तिथे ट्रकचं सगळं मिळतं, मग विमानाचं का नाही? भंगारवाल्याने भोक बघून विचारलं, हा प्लग मच्छराच्या गाडीचा का. पाच तास फिरलो. प्लग नाही. तीन सुरांचा ट्रकचा हॉर्न स्वस्तात मिळाला.

२ जानेवारी
अमझेऱ्यात एकाकडे विमानाचं इंजिन आहे, पक्की खबर. गेलो. ते कडबा कापायच्या कुट्टी मशीनचं निघालं. मालक भला माणूस. त्याची मटाराची गाडी भरायची होती, हात लावला. पाच किलो मटार दिले. घरी आत्यासाहेब खूश. परतीला नालछ्याकडून आलो, वाट वाकडी होती पण तिथले दाल आणि मक्याचे पानिये खायचे होते. दोन दिवस ही मुदत जरा घाईत दिली होती. दहा धरू.

५ जानेवारी
भूपेंद्र मिस्त्रीला म्हणालो, स्कूटरचा प्लग खरडून बसव. त्याने इंजिन उलटंसुलटं केलं, फुंकर मारली, चष्मा पुसला. म्हणाला, "रणवीर भिया, ये तो डीजलवाला हे. इसमें पिलग लगताज नी."
त्या भोकात आडव्या मुठीचा स्क्रू बसतो. तो पिळून दाब वाढवायचा, दाबानेच इंजिन पेटतं. मला शंका होतीच. म्हणजे नऊ दिवसांत आपण प्लगचा प्रश्न कायमचा निकालात काढला.

७ जानेवारी
आबासाहेबांना हा शोध मोठ्याने सांगितला. ते शांतपणे म्हणाले, स्क्रू रघुजीकडे आहे, देवासला. मी म्हणालो, मग आधी का नाही सांगितलंत. म्हणाले, तू स्क्रूचं विचारलंस कधी? नुसतं प्लग प्लग करत होतास.
रघुजी आजोबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. चौऱ्याऐंशीच्या वाटणीत थोरल्याने इंजिन घेतलं, धाकट्याने स्क्रू. आम्ही आता धारला, पण मूळचे देवासचे. तिथे एका गावात दोन पात्यांची, म्हणजे थोरल्या-धाकट्या भावांच्या घराण्यांची, दोन राज्यं होती, एका रस्त्याचे दोन धनी, तर इंजिन एकट्याचं कसं राहील? तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. विमान कुणाचंच उडालं नाही.
नवा स्क्रू करावा तर लेथवाला म्हणतो असले आटे आता कोणी पाडत नाही. म्हणजे देवास. माझ्यासारखा गोड बोलणारा माणूस घरात असताना हे चाळीस वर्षं का अडलं, कळत नाही.

८ जानेवारी
देवासला फोन. धारहून बोलतोय म्हणताच ठेवला. नेटवर्क खराब असणार.

१० जानेवारी
देवास. सकाळी अकराला पोचलो. घर सापडलं. फाटक, फाटकात कुत्रा. घाई करण्यात अर्थ नाही, आधी टेकडीवर देवीला जाऊन येऊ म्हटलं. उतरताना पतंगांचा बाजार लागला. एका काकांशी मांज्यावरून वाद झाला, मग गच्चीवर जाऊन पेच लावून सिद्ध करावं लागलं. चार काटले. खाली आलो तर शेवटच्या बसची वेळ. घर बाहेरून पूर्ण अभ्यासून झालंय. अर्धं काम झाल्यात जमा.

१२ जानेवारी
आत्यासाहेब म्हणाल्या, जुनी माणसं फोन ठेवतात, लेखी बोलावणं नाकारत नाहीत. पोस्टकार्ड आणलं. भूपेंद्र म्हणाला होता इंजिनाच्या मागच्या झाकणाला गॅस्केट हवं आणि त्याला पोस्टकार्डाइतका चांगला कागद नाही. कार्ड एकच होतं. एक कोपरा कापून गॅस्केट केलं, फर्स्ट क्लास बसलं. उरलेल्यावर पत्र लिहिलं. आपण हिंदी मीडियमवाले, मराठी लिहायची तर थोडक्यात बरी: "आबासाहेबांचं १८ तारखेला आहे. सकाळी नऊला यावे. स्क्रू आणावा." जागेत मावलं. आत्यासाहेबांना दाखवणार होतो, पण पोस्ट बंद होत होतं.

१६ जानेवारी
उत्तर नाही. न बोलणं म्हणजे होकार. एरंडेल, घासलेट, इथर मिसळून इंधनाची बाटली भरली. सगळ्या गल्लीला अठराचं आमंत्रण दिलं. आबासाहेब रोज इंजिन कापडाने पुसतात आणि पंखा बोटाने फिरवून कानाशी धरतात.

१८ जानेवारी, सकाळी ८.४०
सगळं तयार. स्क्रू सोडून. गल्ली जमली आहे. आबासाहेब नवा कोट घालून ओसरीत बसलेत, इंजिन मांडीवर. अर्ध्या तासात तीनदा विचारलं, रघुजीचं काही कळलं का. मी म्हणालो, वाटेत असतील. आणि पहिल्यांदाच स्वतः कोपऱ्यापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो.

८.५५
ओवाळणीचं ताट लावता लावता आत्यासाहेबांनी विचारलं, पत्रात नेमकं काय लिहिलं होतंस. सांगितलं. गॅस्केटची युक्तीपण सांगितली. त्यांनी ताट खाली ठेवलं.
"कोपरा नसलेलं कार्ड, रणवीर? ते माणूस गेल्याचं असतं. लोक उंबऱ्याच्या बाहेरच वाचतात."
मी म्हणालो, फाडला नाही, कात्रीने नीट कापलाय. आत्यासाहेब बोटांवर तारखा मोजत राहिल्या. म्हणाल्या, अठरा म्हणजे त्यांनी तेरावं धरलं असणार.

९.०५
स्वैपाकघराच्या खिडकीतून बघत लिहितोय. दारात दोन जिपा थांबल्या. देवासची सगळी भावकी, पांढऱ्या कपड्यांत. पुढे रघुजी आजोबा, डोकं ताजं भादरलेलं, डोळे सुजलेले, उजवी मूठ घट्ट मिटलेली. पायरीपाशी येऊन ओसरीकडे बघत तसेच उभे राहिले. मूठ उघडली. स्क्रू.
आबासाहेब उठले. भावाच्या डोक्याच्या गोट्याकडे बघून घाबरून म्हणाले,
"रघुजी, कोण गेलं रे?"