रुक्कूचं अडम

प्रिय अक्का,

सोमवारी रुक्कूच्या शाळेत जायचं आहे. हेडमिस्ट्रेसनी निरोप धाडलाय, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा म्हणून. तुझ्या लेकीचं हे तुझ्यावाचून कुणाशी बोलू? देवापुढे दिवा लावला आणि लिहायलाच बसले.

तू देवाघरी गेलीस, भावोजी तिरुप्पूरला कामावर, म्हणून रुक्कू माझ्यापाशी असते, हे तू पाहतेच आहेस. पण शाळेतलं पाहतेस का गे? कुणाचा डबा उपडा करते, कुणाची वेणी ओढते. परवा तर शेजारच्या पोरीच्या हाताला चावली! "मामी, ही रौडी झालीय," टीचर माझ्या तोंडावर म्हणाल्या; सगळी शाळा मला मामीच म्हणते. तिसरीतली पोर आणि गुंड, अक्का!

आणि घरात आपला एकच शब्द, अडम. तमिळ लोकांचा हट्टासाठीचा शब्द, आपल्या घरात केव्हा शिरला कुणास ठाऊक. जेवली नाही, अडम. अभ्यासाला बसली नाही, अडम. तुलाही आई हेच म्हणायची ना? कावेरीत पाटी भिरकावलीस त्या दिवशी केवढा मार खाल्लास!

मागच्या शुक्रवारचं सांगते. माझी खोड तुला ठाऊक आहे, जुन्या कॅलेंडरचा कागद वाया घालवत नाही; घरातल्या सगळ्या पुस्तकांना त्याचीच कव्हरं. संध्याकाळी रुक्कूने कोनाड्यातलं पुस्तक घेतलं आणि त्यात बघून विठोबाची आरती म्हणू लागली. काय गोड आवाज, अगदी तुझा! मध्येच पानही उलटलं. ह्यांनी सहज डोकावलं आणि हसत सुटले, "अगो, पंचांग आहे हे! राहुकालाच्या पानावरून आरती वाचतेय ही!"

मीही हसले. रुक्कूने घंटा उचलून भिंतीवर मारली.

ओरडणारच होते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं. चोरी सापडल्यासारखं झालं होतं ते.

मागीलदारी नेऊन जवळ घेतलं, विचारलं, "तुला वाचता येत नाही का गे बाळ?"

तिने माझ्या कुशीत तोंड लपवलं. मग म्हणाली, "अक्षरं एका जागी राहतच नाहीत, मावशी. वर्गात वाचायचा माझा नंबर आला की जास्तच पळतात."

"मग त्या पोरीला चावलीस कशाला?"

"रौडी म्हटलं की पोरी भितात. मक्कु म्हटलं की हसतात."

मक्कु म्हणजे मठ्ठ. कुठलं बिरुद सोसवेल याचा हिशेब ह्या एवढ्याशा पोरीने एकटीने मांडला! आणि मी, घरचा पैपैचा जमाखर्च लिहिणारी, माझ्या ध्यानात येऊ नये?

मग तू आठवलीस. पोथी मांडीवर घेऊन बसायचीस, आई तोंडपाठ म्हणताना श्वास घ्यायला थांबली की पान उलटायचीस. माझा मॅट्रिकचा निकाल आला तेव्हा म्हणालीस, "तूच वाच, तुझ्या तोंडून ऐकायचंय." मला वाटलं, कौतुकाने म्हणतेस! लग्नानंतरसुद्धा स्टँडवर दर वेळी विचारायचीस, "आडुतुरैचीच ना गे ही?" सासरची बस, अक्का! मला एकदा सांगायचं नाहीस? मी हसले असते का? ... हसलेही असते. तेच भय होतं का तुला?

तुझं अडम नव्हतं गे. अडत होतं. आपल्याच मराठीतला शब्द जिभेवर होता आणि आपण परका धरून बसलो.

म्हणूनच हे पत्र मोठ्याने म्हणत म्हणत लिहितेय. तुला वाचायला नको, नुसतं ऐक. आत्ताच रुक्कू दारातून विचारून गेली, "कुणाशी बोलतेस?" म्हटलं, तुझ्या आईशी.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. म्हणाल्या, अशा मुलांना वेगळ्या रीतीने शिकवावं लागतं, दिवस लागतात, शाळेनेही धीर धरायला हवा. हेडमिस्ट्रेस धरतील? त्यांच्याशी बोलायला उभी राहिले की मला रडूच कोसळतं. हे म्हणतात, पापनाशमला दुसरी शाळा बघू. पण तिथेही पुस्तक उघडायला सांगतीलच ना? तिथेही पुन्हा कुणाला तरी चावायचं का तिने?

नाही अक्का. सोमवारी मी दाखला घेणार नाही. विठोबाचं नाव घेऊन त्यांच्या खोलीबाहेर बसेन. माझ्या पोरीचं कुठे अडतं ते ऐकून घेईपर्यंत उठणार नाही. म्हणोत मग सगळे, ही मामी अडम करते.

करीनच!

तुझी धाकटी,
कमळी