भाकीत चुकलं ते बरं झालं

शनिवार रात्र, र्युसेल्सहाइम, जर्मनी

हुश्श, चुकलो एकदाचा! इराचं अमेरिकेतलं कॉलेज आज हरणार, असं मी घरच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं. कोणी न शिकवता, नुसते सामने बघून हा अमेरिकन फुटबॉल शिकलोय मी. चेंडू लाथाडून गुण मिळवून देणारा त्यांचा किकरच जखमी, म्हणजे हरणारच. "बाबा, माझ्याच कॉलेजविरुद्ध?" म्हणत लेकीने आठवडाभर अबोला धरला. बायको म्हणाली, "अहो, अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते." पण किकर जखमी होता, हे खरंच ना? मग भाकीत बदलायचं कसं?

आज त्याच्याशिवायच जिंकले. लगेच इराचा फोन. "बाबा, पुढच्या शनिवारीही आम्ही हरणार असंच लिहा हं!"

लिहिलं. खरं तर माझ्या हिशोबाने सहज जिंकतील.